मोटर बंद असताना चढलेला काटा

भाऊजी, परवा तुमची तेरवी झाली आणि आज नवतपा लागला. पुढचे नऊ दिवस सूर्य जिवावर उठणार म्हणून फुलचूरमध्ये घरोघरी कूलरची टाकी भरणं चालू आहे. मी तुमच्या ओसरीत तुमच्याच खुर्चीवर बसून हे लिहितो आहे. खुर्चीचा एक पाय अजून आखूडच आहे. साऱ्या मिलच्या मशिनी सरळ करणाऱ्या माणसाच्या घरी खुर्ची डुगडुगते, असं मी चिडवलं की तुम्ही म्हणायचात, "डुगडुगते म्हनून तं बसनारा जागा राह्यते, मास्तर." आता ती डुगडुगली की शोभाताई आतून मान वळवून पाहते. तुम्ही नाही हे तिला ठाऊक असतं, तरी पाहते.

पेपरात चार ओळी आल्या. कुडव्याच्या पुढच्या राईस मिलमध्ये हवेची टाकी फुटली, ऑपरेटर जागीच ठार. तुमचं नाव बरोबर छापलं, वय चुकवलं. मला जे सांगायचं आहे ते त्या चार ओळींत नव्हतं. तेरवीच्या पंगतीतही मी ते भाताबरोबर गिळलं. पंगत उठल्यावर ताईने मला एकदाच विचारलं, "बापू, ते तं तुले सारंच विचारत. या टाकीचं काई विचारलं होतं का रे?" मी म्हणालो, "आठवत नाही."

भाऊजी, मला शब्द न् शब्द आठवतो. पोरांना भौतिकशास्त्र शिकवून खाणारा माणूस बहिणीच्या तोंडावर खोटं बोलला. तेही हातात तुमच्या तेरवीचं पान असताना.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी झाली. मिलला सुट्टी होती. मी अकरावीचे पेपर तपासत होतो आणि तुमचा फोन आला. मागे मशीनचा आवाज नव्हता, म्हणून तुमचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"मास्तर, मोटर बंद हाय. लाईन बंद हाय. अन् काटा चढून राह्यला."

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

"सकाळी सातले आठावर होता. आता दोन वाजले, साडेआठच्या पुढं गेला. आत कोन हवा भरून राह्यला, सांगा बरं?"

मी स्कूटर काढून आलो. तुमचं काम मला तोवर ऐकूनच माहीत होतं. तांदूळ मशीनमधून पडत असताना काळा, पिवळा दाणा कॅमेऱ्याला दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला बाजूला उडवते, आणि शहरातल्या गिऱ्हाईकाच्या ताटात पांढराशुभ्र भात पडतो. त्या फुंकरेसाठी कॉम्प्रेसर, आणि कॉम्प्रेसरची हवा साठवायला माणसापेक्षा उंच अशा दोन लोखंडी टाक्या. दोन मशिनींना दोन, एकाच दिवशी एकाच ठेल्यावरून आलेल्या. मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्या उभ्या असत, आणि दुपार कलली की ऊन थेट त्यांच्या अंगावर येई.

त्या दिवशी तुम्ही टाकीपासून दहा पावलं लांब उभे होतात. मारक्या बैलापासून माणूस उभा राहतो तसे. बोऱ्यांवर खुणा करायचा निळा खडू मी उचलला आणि भिंतीवर तुम्हाला तो नियम लिहून दिला, जो मी दरवर्षी पोरांना लिहून देतो आणि ती दरवर्षी विसरतात. दाब गुणिले आकारमान बरोबर हवेचं प्रमाण गुणिले एक ठरलेला आकडा गुणिले तापमान. म्हटलं, टाकी लोखंडाची, तिचं आकारमान तेच. तोंड बंद, हवा तेवढीच. ऊन तापलं की आतल्या कणांची धावपळ वाढते, ते भिंतीवर जोराने आदळतात, काटा चढतो. कोणी भरलेलं नाही, सूर्याने भरलं.

"अन् किती चढन?"

मी सांगितलं, तापमान आपल्या शून्यापासून नाही धरायचं, त्याच्याही खाली दोनशे त्र्याहत्तर अंशांपासून धरायचं. सकाळचे सत्तावीस म्हणजे तीनशे, दुपारचे सत्तेचाळीस म्हणजे तीनशे वीस. तीनशेवर वीस वाढले, म्हणजे शंभरावर सहा-सात. दाबही तेवढाच वाढणार.

"येवढ्या खाली कोन गेलता मोजाले?"

"कोणीच नाही. तिथपर्यंत पोचताच येत नाही."

"मंग?"

"रेषा वाढवली, भाऊजी. कागदावर."

तुम्ही त्या भिंतीकडे पाहून म्हणालात, "भारी लोक हायेत जी तुमी." ती तारीफ होती की टोमणा, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आता कोणाला विचारू?

पण तुम्ही तेवढ्यावर राहिला नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. पुढच्या रविवारी तुम्ही विहिरीच्या पाण्यात भिजवलेला बारदाना भर दुपारी टाकीवर टाकलात आणि काट्यासमोर बसून राहिलात. काटा उतरला. तुम्ही तो किती उतरला ते तळहातावर मांडलंत आणि रात्री जेवायच्या आधी मला आकडा वाचून दाखवलात, "मास्तर, तुमचा नियम खरा निंघाला." जसं काही दोनशे वर्षं तो तुमच्याच सहीसाठी थांबला होता! मी इतकी वर्षं तो फळ्यावर लिहीत होतो, पण असा डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमच्या कॉलेजात त्याचं साहित्यच नव्हतं. तुम्ही जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा लोखंडी डबा घेतलात, त्याला काटा जोडलात आणि इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात आलात. एका बादलीत गरम पाणी, दुसरीत गोळेवाल्याकडचा बर्फ. डबा इकडे बुडवला की काटा वर, तिकडे बुडवला की खाली. पोरं बाकांवर उभी राहिली. एका पोरीने तुम्हाला "सर" म्हणून प्रश्न विचारला. सालेकशाकडे सातवीत असताना तेंदूपानाच्या हंगामात शाळा सुटलेला माणूस त्या "सर"वर महिनाभर जगला, असं ताई सांगते. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला तास होता, आणि तो मी घेतलेला नव्हता.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला मिलमध्ये बोलावलंत. मशिनींच्या पूजेआधी सगळ्यांना रंग द्यायचा तुमचा रिवाज होता. मोटरींना हिरवा, पट्ट्यांच्या जाळ्यांना लाल, आणि दोन्ही टाक्यांना चंदेरी. दरसाल एक हात. आधीचा रंग खरवडायचा नाही, वरूनच द्यायचा. पूजेच्या दिवशी ताई येऊन टाक्यांना हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली, ओवाळी. "लक्ष्मी हाय," तुम्ही म्हणायचात, "हिच्या आंगावर डाग नाई पाह्यजे." तुमची कंबर धरली होती, म्हणून दोन्हींच्या बुडाकडचा भाग मी वाकून रंगवला.

तिथे खाली एक तोटी होती. तुम्हीच सांगितलं होतं, दाबलेल्या हवेत पाण्याची वाफ असते, हवा निवली की पाणी होऊन बुडाशी साचते, ते रोज सकाळी तोटी उघडून काढायचं असतं. पण दरसालच्या रंगाने त्या तोटीचा गोळा झाला होता. मी विचारलं, हे फिरतं का? तुम्ही म्हणालात, "जोर लावला तं तुटन. राहू द्या." मी तिच्यावरही चंदेरी रंग फिरवला. चांगला जाड फिरवला, डाग दिसू नये म्हणून.

मग चहा पिताना आपलं ते भांडण झालं, जे अजून मिटलेलं नाही. नियमाचं नाव मी तुम्हाला सांगितलं होतं, आदर्श वायूचा नियम. तुम्ही बशीत चहा ओतत विचारलंत, "ही आदर्श हवा भेटते कुठं?"

"कुठेच नाही. ती मानायची असते. कणांना आकार नाही, एकमेकांची ओढ नाही, असं धरून चालायचं."

"म्हंजे नसलेल्या हवेचं गणित करून असलेल्या टाकीची गॅरंटी देऊन राह्यले तुमी."

मी चिडलो. मास्तर माणसाला विद्यार्थ्याने पकडलं की तो चिडतोच. म्हटलं, आपली साधी हवा या दाबाला जवळजवळ तशीच वागते, एवढ्या-तेवढ्याने फरक पडत नाही. ते खरं होतं. आजही खरं आहे. तुम्ही भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलंत. "दाबाले अक्षर हाय, हवेले अक्षर हाय, उन्हाले बी हाय. टाकीच्या पत्र्याले अक्षर कोनतं?"

मी म्हणालो, पत्र्याला अक्षर लागत नाही.

"काऊन?"

तेवढ्यात सेठने तुम्हाला हाक मारली आणि तुम्ही उठलात. तो "काऊन" तिथेच राहिला. त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. त्या नियमाला पत्रा दिसतच नाही, तो धड आहे असं धरूनच नियम सुरू होतो.

आणि आता तो गुरुवार, टाकी फुटण्याच्या पाच दिवस आधीचा. मी एका लग्नाच्या मांडवात होतो, बँड वाजत होता, तुमचा फोन आला. मी एका कानात बोट घालून ऐकत होतो.

"बुडाशी रंगाले फोड आला, मास्तर. बोटानं दाबलं तं आत मऊ लागते. अन् ऊन भल्ला हाय, काटा रोज चढून राह्यला. सेठ म्हनते, तुमच्या मास्तरले विचार, तो शिकेल मानूस हाय. चालवू का बंद करू?"

तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात. एक काट्याची आणि एक फोडाची. मला काट्याचं उत्तर येत होतं, म्हणून मी तेच दिलं. "कितीही तापलं तरी शंभरावर सहा-सात वाढणार, भाऊजी. टाकी दीडपट दाबाला तपासूनच विकतात. काळजी नाही."

तुम्ही म्हणालात, "येऊन पाह्यता का एकडाव?"

"रविवारी येतो."

रविवारी मी आलो नाही. ऊन फार होतं, म्हणून आलो नाही. खोलीत कूलर लावून झोपलो होतो. मंगळवारी दुपारी टाकी बुडातून फाटली.

मी नंतर पंचनाम्याच्या वेळी तिथे उभा होतो. टाकी शेडचं टीन फाडून भिंतीपलीकडे पडली होती. तिचा वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, जो दाब हद्दीबाहेर गेला की शिट्टी मारून हवा सोडतो, तो जसाच्या तसा होता. त्याने शेवटपर्यंत हूं का चूं केलं नव्हतं. दाब हद्दीबाहेर गेलाच नव्हता. माझं गणित पैशाभराने चुकलं नव्हतं, भाऊजी, आणि तुमच्या अंगावर घालायला आणलेली चादर लहान पडत होती.

हे मी कोणाला सांगणार नव्हतो. खरं लिहितो, सोबत घेऊन जाणार होतो. पण आज सकाळी सुखदासचा फोन आला. तुमच्या जोडीने दुसरी मशीन चालवायचा तो सुखदास, सालेकशाकडचाच, तुम्हीच कामावर लावलेला. बिचारा तेरवीत पंगत वाढताना रडत होता.

"मास्तर, भोजराजभाऊच्या टाकीकडची अर्धी शेड पोलिसानं बंद केली. पन सेठनं दुसरी मशीन सुरू कराले लावली. ते पल्ल्याडची टाकी तं धडधाकट हाय म्हनते. आजपासून नवतपा, म्हनून मले भेव लागून राह्यलं जी. पन भिंतीवर भोजराजभाऊनं तुमचं लिहून ठेवलं हाय. शंभरावर सहा-सात, काळजी नाही, मास्तर. तुमचं नाव बी हाय खाली. म्हनलं, एकडाव विचारून घ्यावं. चालते ना?"

तुम्ही माझं वाक्य भिंतीवर लिहून ठेवलंत! मला वाटत होतं ते तुमच्याबरोबर गेलं. ते तिथेच उभं होतं, पुढच्या माणसाला धीर देत. आणि पल्याडची टाकी म्हणजे तीच, एकाच दिवशी आलेली, एकाच ब्रशने रंगवलेली, जिच्या तोटीवरही मी जाड हात मारला होता.

"बंद कर," मी ओरडलो. "सुखदास, आत्ता बंद कर. मी सांगितलं ते चुकीचं होतं."

"सेठ नाई आयकनार जी माह्यं."

मी फोन ठेवून वळलो तर मागे ताई उभी होती. हातात चहाचा कप होता. मी तिला सगळं सांगितलं, मांडवापासून कूलरपर्यंत. ती रडेल, मला बोल लावेल, घराबाहेर काढेल, असं काहीतरी व्हावं अशी मी वाट पाहत होतो. तिने कप खिडकीत ठेवला.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्या राती जेवताना ते म्हनले, मास्तरनं सांगतलं, काळजी नाई. आठ दिवसांचं त्याईच्या डोळ्याले डोळा नोहता. त्या राती घोरले, बापू. मले भल्लं बरं वाटलं होतं."

"मग मला विचारलंस का?"

"तुह्या तोंडून आयकाचं होतं. गाडी काढ."

भाऊजी, मला अजून ते घोरणं सहन होत नाही. तुम्हाला झोप दिली, ती मी दिली. आठ दिवस तुमची भीती तुम्हाला जागं ठेवत होती. तिला माझ्याहून जास्त कळत होतं आणि मी तिला निजवलं.

अकरा वाजता आम्ही मिलमध्ये पोचलो. रस्ता तापून निघाला होता. गेटपासूनच कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. सुखदास शेडच्या बाहेर कडुनिंबाखाली उभा होता आणि आत जाऊन काटा पाहून परत पळत बाहेर येत होता. सेठ ऑफिसातून टॉवेलने मान पुसत आला. ताईला पाहून त्याने हात जोडले, मग माझ्याकडे वळला. "मास्टरजी, आप ही ने तो बोला था. दीवार पे आपका नाम लिखा है."

"गलत बोला था, सेठजी."

"मतलब हिसाब गलत है?"

"हिसाब सही है. टंकी मैंने देखी ही नहीं थी. बंद कीजिए."

तो घुटमळला. आधीच एक मशीन गेली, तांदूळ पडून आहे, असं काहीतरी पुटपुटू लागला. तेव्हा ताई काही न बोलता शेडमध्ये शिरली आणि टाकीला पाठ लावून उभी राहिली. कपाळावर कुंकू नाही, पांढरं लुगडं, आणि मागे ती चंदेरी टाकी, गेल्या दसऱ्याचा वाळलेला झेंडू अजून गळ्यात. मी ओरडलो, "ताई, बाहेर ये!" ती माझ्याकडे नाही, सेठकडे पाहत होती. सेठने स्वतः धावत जाऊन खटका पाडला.

वरच्या वाटेने हवा सोडायला सुखदासला बराच वेळ लागला. एवढा वेळ ती फुत्कारत राहिली की मिलमधली बाया-माणसं सूप, फावडं हातात घेऊन शेडच्या तोंडाशी जमली. काटा शून्यावर आल्यावरच मी कोणाला जवळ जाऊ दिलं. तोटी फिरलीच नाही. सुखदास खाली बसला आणि पेचकसाने रंग खरवडू लागला. चंदेरी, चंदेरीखाली चंदेरी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा तो निघत गेला. मी लोखंड दिसायची वाट पाहत होतो. लोखंड दिसलंच नाही. शेवटचा पापुद्रा निघाला, खाली नुसती गंजाची खपली होती, आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

त्या भोकातून तांबडं, तेलकट पाणी बाहेर आलं आणि येतच राहिलं, किती वर्षांचं कोण जाणे. सुखदासने पेचकस सोडून दिला आणि तो मागे सरकला. सेठ ऑफिसात गेला आणि बाहेर आलाच नाही. ताई वाकली, पाण्यात दोन बोटं बुडवली आणि म्हणाली, "याले मी दरसाल ओवाळलं."

म्हणजे या टाकीला आपण तिघांनी मिळून सजवलं होतं, भाऊजी. तुम्ही रिवाज पाडलात, मी बुडाला रंग दिला, तिने माळ घातली. आठ किलो दाबाला इतके दिवस गंजाच्या खपलीने आणि रंगानेच तर धरून ठेवलं होतं.

मग ती भिंतीकडे गेली. निळ्या खडूने लिहिलेलं, वर माझा नियम, माझ्या मास्तरी वळणाचा, आणि खाली तुमच्या बोजड वळणाने: "ऊन २० वाढलं तं दाब १०० वर ६-७. काळजी नाही. मास्तर." मी सुखदासच्या खांद्यावरचा गमछा ओढून पाण्यात भिजवला आणि भिंत पुसायला हात उचलला.

"नोको," ताई म्हणाली. "त्याईच्या हातचं हाय. दुसरं काई लिहेलं नाई त्याईनं. घरी एक कागद नाई."

मी गमछा हातात घेऊन उभा राहिलो. ती बराच वेळ वाचत होती. ओठ हलवत, एकेक शब्द. मग माझ्या हातातून गमछ्याचं ओलं टोक घेतलं आणि एकच शब्द पुसला. "नाही." बाकी सगळं तसंच ठेवलं. कोनाड्यातला खडू उचलून तिने माझ्या हातात दिला.

"तुह्या हातानं लिह्य. आहे, म्हनून लिह्य."

फळ्यावर इतकी वर्षं लिहिणारा हात, भाऊजी, दोन अक्षरांना अडखळला. वळण वेडंवाकडं आलं. पण आता भिंतीवर तुमच्या शब्दाशेजारी माझा शब्द आहे आणि खाली माझं नाव आहे. सुखदासने ते मोठ्याने वाचलं, मागे उभ्या असलेल्या बायांना कळावं म्हणून.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी स्कूटरला किल्ली लावत होतो. तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडे, शेजारच्या मिलमध्ये, कॉम्प्रेसर सुरू झाला. आधी धापा टाकल्यासारखा, मग एका लयीत. गवताच्या वरून तिथली शेड दिसत होती, आणि शेडमध्ये उन्हात चकाकणारी एक चंदेरी टाकी. ताई मागे बसायला आली होती ती तशीच थांबली.

"तिथल्या टाकीले रंग कोन देते?" तिने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी किल्ली काढून खिशात टाकली, आणि आम्ही दोघं त्या फाटकाकडे चालू लागलो.